पांजूचें स्टेशन

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं आपल्या देवळाचा इतिहास सांगावा अशी रीत आहे. तें काम आमच्याहून अधिकारी अशा वक्त्यांनीं या सभेंत केलेंच आहे. म्हणून आम्हीं एक लहानसा विषय निवडिला आहे. वसईच्या खाडीच्या कांठीं राहणाऱ्या आपणां सर्वांवर देवळाच्या घंटेखालोखाल जर कोणाची हुकमत चालत असेल, तर ती लोकलगाडीची. त्या लोकलच्या मार्गावर एके काळीं एक स्टेशन होतें. आज त्याचें नांव कोणत्याहि तिकिटावर छापलें जात नाहीं. त्या स्टेशनाचें नांव पांजू.

प्रथम जागा डोळ्यांपुढें आणूं या. उल्हास नदी सह्याद्रींत राजमाचीच्या परिसरांत उगम पावते, कर्जत-कल्याणावरून वाहत येते आणि साष्टी बेटाच्या उत्तरेकडून समुद्रास मिळते. तिच्या या शेवटच्या रुंद पात्रासच आपण वसईची खाडी म्हणतों. दक्षिणेस भाईंदर, उत्तरेस नायगांव आणि मधोमध चोहोंकडून पाण्यानें वेढलेलें पांजू बेट. भाईंदरच्या बाजूचें पाणी रुंद, नायगांवच्या बाजूचें अरुंद. नदीचें गोडें पाणी आणि समुद्राचें खारें पाणी येथें दिवसांतून दोनदां एकमेकांस भेटतें. कोळ्याचें जाळें, आगरांतलें मीठ आणि होडीचा प्रवास हीं सर्व या भेटीच्या वेळेवर अवलंबून.

आगगाडी येण्यापूर्वीं वसईहून मुंबईस जाणें म्हणजे वाऱ्याची आणि पाण्याची मर्जी सांभाळणें होतें. लोक तिथि पाहून भरतीची वेळ काढीत आणि मग मचव्यांत किंवा होडींत माल चढवीत. ओहोटीनें गांठलें तर होडी चिखलांत टेकून बसे, आणि माल व माणूस दोघेहि पुढील भरतीची वाट पाहात. मुंबई जवळ होती. पण तेथें केव्हां पोंचूं हें कोणीहि छातीठोकपणें सांगूं शकत नसे.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ सालीं स्थापन झाली. गुजराथेकडून रूळ टाकीत टाकीत तिनें १८६४ च्या नोव्हेंबरांत मुंबईंतील ग्रँट रोड गांठला. तिच्या वाटेंत नर्मदा, तापी, वैतरणा आणि शेवटीं आपली ही खाडी, अशीं मोठालीं पाणीं आडवीं होतीं. मऊ गाळांत दगडी खांब उभारणें फार कठीण. म्हणून ओतीव लोखंडाचे पोकळ खांब, टोकाशीं मळसूत्री पातें बसवून, पिळून पिळून तळांत उतरवावे आणि त्यांवर लोखंडी तुळया ठेवाव्या, ही युक्ति त्या कंपनीनें आपल्या पुलांसाठीं वापरली. कर्नल जे. पी. केनेडी या इंजिनियराचें नांव या पद्धतीशीं जोडलेलें आहे. आपल्या खाडीवर असे दोन पूल झाले: भाईंदरपासून पांजूपर्यंत लांब पूल आणि पांजूपासून नायगांवपर्यंत आंखूड पूल. म्हणजे खाडी ओलांडतांना आगगाडीला मध्यें एकदां पाऊल टेकावें लागलें, आणि तें तिनें पांजू बेटावर टेकिलें.

१२ एप्रिल १८६७ रोजीं विरार व मुंबईची बॅकबे यांच्या दरम्यान दररोज जाणारी आणि परत येणारी एक गाडी सुरू झाली. पश्चिम किनाऱ्यावरील लोकल सेवेचा आरंभ या गाडीपासून मानितात. त्या वेळच्या स्टेशनांची जी यादी सांगितली जाते तिच्यांत वसई आहे, बोरीवली आहे, अंधेरी आहे, वांद्रें आहे, माहीम आहे. आज जेथें पाय ठेवावयास जागा मिळत नाहीं त्या भाईंदरचें नांव तिच्यांत नाहीं. नायगांवचेंहि नाहीं. पण पांजूचें आहे. बंधुभगिनींनो, या गोष्टीचा क्षणभर विचार करा. मुंबईच्या उत्तरेस लक्षावधि लोकांची नगरें वसण्यापूर्वीं, पाण्यांतल्या एका चिमुकल्या बेटासाठीं गाडी थांबत होती.

पुढें हें स्टेशन नाहींसें झालें. खाडीच्या दोन्ही तीरांवर स्टेशनें झालीं. तीं वाढलीं, गजबजलीं. पांजूवरून मात्र गाड्या नुसत्या जात राहिल्या. रेल्वे जवळून जाणें आणि रेल्वे थांबणें यांत किती अंतर आहे, हें आज आम्हांस आपणांपुढें मांडावयाचें आहे.

थांबणाऱ्या गाडीनें काय होतें तें सांगण्यास दूर जावयास नको; नायगांवच्या लहानशा स्टेशनाकडेच पाहावें. कोळीण भल्या पहाटे पाटी घेऊन मालडब्यांत चढते, आणि ताजी मासळी दिवस वर येण्याच्या आंत मुंबईच्या बाजारांत पोंचते. वसईच्या वाड्यांतलीं फुलें, भाजी, केळीं, पानें आणि दूध यांचा बाजारहि या रुळांनींच वाढविला. मुंबईस बिऱ्हाड करण्याची ऐपत नसलेल्या घरांतील मुलगा तेथल्या कॉलेजांत जाऊं लागला आणि रात्रीं आईच्या हातचें जेवूं लागला. मुलगी शिक्षिका झाली, परिचारिका झाली, कचेरींत नोकरीस लागली, आणि तरी आपल्याच गांवांत राहिली. १९२८ सालीं बोरीवलीपर्यंत विजेची गाडी आली. १९३६ सालीं ती विरारपर्यंत आली. तेव्हांपासून मुंबईचें अंतर मैलांत न मोजतां मिनिटांत मोजण्याची आपणांस संवय झाली. ज्या घरांत केवळ शेतीचें किंवा मासळीचें उत्पन्न होतें त्या घरांत पगार आला. शाळांस मिळालेल्या देणग्यांत आणि देवळाच्या दुरुस्तीस लागलेल्या पैशांत या पगाराचा वांटा केवढा आहे, हें जाणत्यांस सांगावयास नको.

या लाभाबरोबर ओझेंहि आलें. बाप पहाटे निघतो आणि मुलें निजल्यावर परततो. सायंप्रार्थनेला घरचीं सर्व माणसें एकत्र असणें ही दुर्मिळ गोष्ट झाली. गर्दीच्या गाडींत दारांत लोंबकळून जाणाऱ्यांपैकीं कांहीं घरीं परत आलेच नाहींत. हें सर्व आम्ही विसरत नाहीं. तरीहि आज कोणी म्हणालें, नायगांवचें स्टेशन काढून टाकूं, तर आपण सारे रस्त्यावर येऊं. कारण स्टेशन गेलें तर गांव जागच्या जागीं राहूनहि जगापासून दूर जाईल, हें आपण पुरतें जाणतों.

पांजूवर नेमकें हेंच घडलें आहे. तेथील मनुष्यास गाडीचा आवाज घरांत बसून ऐकूं येतो. मात्र त्या गाडींत बसावयाचें तर आधीं होडी गांठून नायगांवच्या तीरास यावें लागतें. शाळेचें मूल, बाजारास निघालेली बाई, कामावर जाणारा तरुण, अडलेली गरोदर स्त्री, या सर्वांची वाट त्या पाण्यावरून आहे. ज्या भरती-ओहोटीच्या सत्तेंतून आगगाडीनें आपणांस १८६७ सालीं सोडविलें, तिच्याच सत्तेखालीं पांजूचे लोक अद्यापि आहेत. होडी नसेल, उशीर झाला असेल, तर कित्येक जण रेल्वेच्या पुलावरून पायीं जातात. एका बाजूस धडधडत येणारी गाडी आणि दुसऱ्या बाजूस खोल पाणी. हें करूं नये, हें त्यांनाहि ठाऊक आहे. परंतु दुसरी सोपी वाट नसली कीं मनुष्य धोक्याच्या वाटेसहि सरावतो.

२०२५ सालीं या पुलावर एक हृदयद्रावक घटना घडली. पुलावरून पायीं जाणाऱ्या पांजूच्या एका तरुणास, चालत्या लोकलमधून कोणीतरी खाडीच्या दिशेनें फेकलेला नारळ लागला, आणि त्या जखमेनें त्याचा मृत्यु झाला. फेकणाऱ्याच्या मनांत कोणाविषयीं वैर नसेल. खालीं पाणी आहे, पुलावर मनुष्य असेल असें त्याच्या ध्यानींमनींहि नसेल. पण वेगानें धांवणाऱ्या गाडींतून सुटलेल्या वस्तूस गाडीचाहि वेग मिळतो, आणि हातांतली साधी वस्तु धोंड्यासारखी जाऊन आदळते. आमच्या मनास जें लागून राहिलें तें हें कीं, आपण रोज ज्या पुलावरून जातों त्या पुलावर माणसें चालतात, याचेंच आपणांस विस्मरण झालें आहे. ज्या ठिकाणीं आपली गाडी थांबत नाहीं, त्या ठिकाणीं कोणी राहतो हेंहि हळूहळू आपल्या मनांतून जातें.

आतां रेल्वेचीहि बाजू न्यायानें पाहिली पाहिजे. १८६७ ची ती गाडी दिवसांतून एकदां जाई व एकदां येई. ती कोठेंहि सावकाश थांबूं शकत होती. आज दर कांहीं मिनिटांस एक लोकल, आणि तिच्याबरोबर लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्या या मार्गावरून धांवतात. एका गाडीचा थांबा वाढला कीं मागच्या सर्व गाड्यांचें वेळापत्रक हलतें. बारा डब्यांच्या गाडीस पाव किलोमीटरहून अधिक लांबीचा फलाट लागतो. म्हणून पांजूस पुन्हां स्टेशन व्हावें अशी मागणी आम्ही या व्यासपीठावरून करीत नाहीं. पण स्टेशन देतां येत नाहीं याचा अर्थ कांहींच देतां येत नाहीं असा होत नाहीं. पुलावरून जाण्यास कठडा असलेली सुरक्षित पायवाट, दोन्ही तीरांवर ओहोटीच्या वेळींहि उपयोगी पडेल असा पक्का धक्का आणि रात्रींबेरात्रीं रुग्णास नेण्यासाठीं भरंवशाची यांत्रिक होडी, या गोष्टी आजच्या काळांत अशक्य नाहींत. २०२४ सालीं वसई आणि भाईंदर यांच्यामध्यें मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. मोटारीस खाडी पार करून देण्याची सोय जर होऊं शकते, तर पायीं चालणाऱ्याचीहि होऊं शकेल.

आपण येथें काय करूं शकतों? पहिली गोष्ट आजपासूनच करतां येण्याजोगी आहे. गाडी खाडीवर आली कीं कोणतीहि वस्तु बाहेर फेकूं नये. फुलांची पिशवी असो, पाण्याची बाटली असो, वा उरलेलें खाणें असो. आपण फेकूं नये, मुलांस फेकूं देऊं नये, आणि शेजारचा फेकूं लागला तर त्यास गोड शब्दांत थांबवावें. पुलावर माणसें असतात इतकें सांगितलें तरी पुरे. दुसरी गोष्ट: आपल्या स्टेशनाच्या सोयींसाठीं आपण अधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जातों, फलाटाचें छप्पर मागतों, जिना मागतों. त्या अर्जांत पांजूच्या पायवाटेचा आणि धक्क्याचाहि उल्लेख असावा. थोडक्या लोकांचा अर्ज दप्तरांत पडून राहतो. त्याखालीं हजारों शेजाऱ्यांच्या सह्या असल्या तर तो वाचावा लागतो. तिसरी गोष्ट: आपल्यांतील वृद्धांस पांजूविषयीं, जुन्या लोखंडी पुलांविषयीं आणि होड्यांच्या प्रवासाविषयीं जें ठाऊक असेल, तें त्यांच्या हयातींतच लिहून ठेवावें. स्टेशन गेलें, निदान त्याची आठवण तरी जाऊं नये.

जखमी मनुष्य वाटेंत पडला असतां त्याच्या जवळून दोघे निघून गेले आणि तिसरा थांबला, ही प्रभूनें सांगितलेली गोष्ट आपण बालपणापासून ऐकत आलों आहों. पुढें गेलेल्या त्या दोघांसहि कदाचित् आपापल्या वेळा गांठावयाच्या असतील. आपणांसहि असतात. गाडी थांबविणें आपल्या हातीं नाहीं. पण पांजू ओलांडतांना आपलें मन तेथें क्षणभर थांबलें, आणि त्या थांबण्यांतून एक अर्ज, एक धक्का, एक पायवाट निर्माण झाली, तर या महोत्सवाचें स्मरण आपल्या शेजाऱ्यांच्या घरींहि राहील.