सहीची राखण



आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. आमची शाळा म्हणजे कारखान्याचे फाटक, आणि तिथला पहिला धडा, ‘वाचल्यावाचून सही करू नका.’ तीस वर्षे हा धडा आम्ही कामगारांना देत आलो. पण सही केल्याचेच ज्याला आठवत नाही, त्याला तो कसा द्यावा? हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला.

आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. ऐंशी उलटल्यावर त्यांची स्मृती विरू लागली. ओळखीचा एक भला वाटणारा गृहस्थ त्यांना दरमहा बँकेत नेई-आणी. आम्ही मोर्च्यांच्या धावपळीत; आम्हांला ती सोयच वाटली. सात महिन्यांनी पासबुक भरून आणले, तेव्हा कळले की दर खेपेला पैसे दोनदा निघत होते. एकदा घरासाठी, एकदा त्या गृहस्थासाठी. प्रत्येक स्लिपवर वडिलांची खरी सही! चोरी म्हणावी तर सही खरी. दान म्हणावे तर देणाऱ्याला पत्ता नाही.

या विकाराला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना तो आहे. यात बोलणेचालणे पुष्कळ दिवस ठीक राहते, पण पैशाचा विवेक आधी ढासळू लागतो. म्हणूनच घरच्यांना उशिरा कळते.

मग आम्ही दुसरे टोक गाठले. पासबुक, चेकबुक, कपाटाची किल्ली, सारे काढून घेतले. वडील तीन दिवस खिसे चाचपत घरभर फिरले. ‘माझा पगार कोणी अडवला?’ असे त्यांनी आम्हांलाच विचारले. जन्मभर लोकांचे अडवलेले पगार सोडवणाऱ्या आम्हांला उत्तर सुचेना.

तेव्हा युनियनचीच रीत आठवली. आमच्या युनियनच्या पैशावर एकट्या खजिनदाराची सही चालत नाही. दुसरी सही लागते आणि हिशेब सभेपुढे वाचला जातो. खजिनदार चोर असतो म्हणून नव्हे. हिशेब उघडा असला की प्रामाणिकाला बोल लागत नाही आणि लबाडाला संधी मिळत नाही. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आणि बहीण वडिलांसमोर पासबुक मोठ्याने वाचतो. त्यांच्या खिशात दर आठवड्याला दहा-दहाच्या नोटांचे शंभर रुपये असतात. त्यांचा हिशेब कोणी विचारीत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपते. तेव्हा त्या कागदाच्या भरवशावर बसू नका. इच्छापत्र, नामनिर्देशन, जोडखाते या गोष्टी आईवडिलांना समज आहे तोवर, त्यांना विचारूनच करा. पुढे पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. दुसरे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली परत मागता येते. पण अट होती हे दाखवावे लागते. म्हणून ती दस्तातच लिहून घ्या.

बंधुभगिनींनो, अशा माणसाला लुबाडणारा भिंत फोडून येत नाही. विश्वासाच्या दारातून येतो. आणि घरातला मुलगाही, ‘शेवटी हे माझेच आहे’ असे म्हणू लागला, की त्याच वाटेला लागतो. हे आम्ही स्वतःलाही बजावतो.

आज वडील आम्हांला ‘साहेब’ म्हणतात. मुलगा म्हणून ओळखत नाहीत. पण हिशेबाच्या रविवारी पासबुक हातात घेतात, बोट फिरवतात आणि ‘बरोबर आहे’ म्हणतात. आकडे त्यांना लागतात की नाही, हे आम्ही पाहत नाही. पैशाचा धनी कोण, एवढे त्या वेळी घरात सर्वांना कळते. ते कळत राहावे, एवढ्याचसाठी ही खटपट.