घडीच्या खाली काय आहे?

(जिल्ह्यातल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आजच्या सत्रात मला संगणकावरच्या पोस्टरबद्दल बोलायला सांगितलंय. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'मार्गदर्शक' असं छापलंय, ते आधी खोडून टाका. माझं वय चौसष्ट. दीड वर्षापूर्वी माऊस हातात धरला की माझा हात थरथरायचा. त्यामुळे मी मार्गदर्शन करणार नाही. मी काय शिकले आणि शिकताना कुठे चुकले, एवढंच सांगणार आहे. चूक मोठी होती, म्हणूनच बोलायला उभी राहिले.

आमच्या तरुणपणी मोर्चा ठरला की आदल्या रात्री कुणाच्या तरी घरी मांजरपाट अंथरलं जायचं. एकजण खडूने अक्षरं आखायची, दोघी रंग भरायच्या, एकजण चहा करायची आणि पोरं त्याच कापडावर झोपायची. अक्षरं वाकडी यायची, पण एकेक शब्द आमचा असायचा. दिल्लीच्या जुबान प्रकाशनाने 'पोस्टर विमेन' या प्रकल्पात देशभरातल्या स्त्री चळवळीची पोस्टरं जमवली आहेत. ती बघताना कितीतरी हात दिसतात. त्याहून मागे गेलं, तर १३ जून १९०८ रोजी लंडनमध्ये मताच्या हक्कासाठी बायकांची मिरवणूक निघाली होती. तिच्यातली बरीचशी निशाणं मेरी लाऊंड्स या रंगीत काचकाम करणाऱ्या कलावतीने आखली होती आणि बायकांनी ती शिवली, भरली होती. घरात शिकलेलं शिवणकाम त्यांनी भर रस्त्यावर आणलं.

मग आपल्याकडे फ्लेक्स आलं आणि आपण सगळं दुकानावर सोपवून मोकळ्या झालो. दुकानदाराकडे 'महिला दिन' नावाचा तयार नमुना असतो. गुलाबी पार्श्वभूमी, कोपऱ्यात फुलं आणि मोकळ्या केसांची एक बाई, जिला चेहराच नसतो. एकदा आम्ही 'हक्क' असा शब्द दिला, तर छापून आलं 'हक् क'. पुढच्या वर्षी 'नवऱ्याची मारहाण' याचं 'कौटुंबिक अडचणी' झालं. विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, असं बरं दिसतं." बरं कुणाला दिसतं, हे विचारायला वेळ नव्हता. मोर्चा तासाभरावर आला होता.

तेव्हा ठरवलं की हे शिकायचं. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या भाचीने मला गिम्प नावाचा प्रोग्रॅम घालून दिला. तो मोफत आहे. १९९५ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला आणि तेव्हापासून कितीतरी लोक तो आपापल्या परीने सुधारत आलेत. दुकानात वापरतात त्या फोटोशॉपला पैसे भरावे लागतात. गिम्पला लागत नाहीत, आणि चोरून घेतल्याची टोचणीही लागत नाही.

मला पहिल्यांदा करायची होती ती घड्यांची कागदी पट्टी. जत्रेत मिळणारा कागदी पंखा आठवा. तशा उभ्या घड्या पडलेली लांब पट्टी आणि तिच्यावर घोषणा. सपाट चौकोनात लिहिलेलं वाक्य सरकारी पाटीसारखं वाटतं. घडीच्या कागदावरचं वाक्य आत्ताच कुणीतरी उलगडल्यासारखं वाटतं.

पहिले चार दिवस मी नुसती संगणकापुढे बसून राहिले. काळा रंग कुठे द्यायचा, पांढरा कुठे, काही कळेना. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, संगणक बंद कर आणि खरा कागद दुमड." मी वहीचं पान फाडलं, सहा घड्या घातल्या आणि खिडकीशी उभं केलं. उजेड डावीकडून येत होता. डावीकडे तोंड असलेले कप्पे उजळ दिसत होते, उजवीकडचे सावलीत होते. एक उजळ, एक अंधारा, एक उजळ, एक अंधारा. घडी आत जाते तिथे सर्वांत काळं, आणि बाहेर येते तिथे केसाएवढी पांढरी रेघ. बस्स, एवढंच! निऱ्या घालताना हे मी चाळीस वर्षं रोज बघत होते. फक्त त्याला कुणी 'ग्राफिक्स' म्हटलं नव्हतं.

आता कृती सांगते. वहीत लिहून घ्या, दुपारी आपण सगळ्याजणी करून बघणार आहोत.

आधी लेअर म्हणजे काय ते समजून घ्या. लेअर म्हणजे थर. काचेच्या तावदानांची चळत डोळ्यांपुढे आणा. एकेका काचेवर चित्राचा एकेक भाग काढलेला असतो. वरून बघितलं की एकच चित्र दिसतं, पण प्रत्येक काच वेगळी हलवता येते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

नवीन लेअरवर २४०० पिक्सेल रुंद आणि ५०० उंच अशी पट्टी काढा आणि कागदाचा फिकट रंग भरा. तिच्यावर घोषणा लिहा. घड्या घालून झाल्यावर अक्षरं लिहू नका, नाहीतर कागद दुमडलेला आणि अक्षरं सपाट, असं खोटं दिसतं. अक्षरांचा लेअर खालच्या पट्टीत मिसळून टाका. मग दर ४०० पिक्सेलवर उभी खूण करा. सहा कप्पे होतील. एकेक कप्पा निवडा, कापा आणि आहे त्याच जागी नव्या लेअरवर चिकटवा.

आता शिअर नावाचं हत्यार घ्या. ते चौकोनाला तिरकं करतं. पहिला कप्पा उभ्या दिशेने ६० ने तिरका करा, दुसरा उणे ६० ने, तिसरा पुन्हा ६० ने. असं आलटून पालटून केलं की कप्प्यांच्या कडा आपोआप एकमेकींना भिडतात. पट्टी वरखाली नागमोडी होते, पण अक्षरांच्या उभ्या दांड्या उभ्याच राहतात. आपल्या लिपीची गंमत इथे कळते. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, आपल्याकडे शिरोरेघ आहे. घडीबरोबर शिरोरेघ चढते आणि उतरते, आणि कागद दुमडलेला आहे हे सावलीच्या आधी तीच सांगते. घडी मात्र जोडाक्षराच्या मधोमध पडू देऊ नका. शब्द थोडा इकडेतिकडे सरकवा.

मग सावली. अंधाऱ्या कप्प्यांवर नवा लेअर घ्या आणि त्याच कप्प्यापुरती निवड करून काळ्यातून पारदर्शक होत जाणारा रंग ओढा. काळी बाजू आत गेलेल्या घडीकडे हवी. लेअरची पद्धत 'मल्टिप्लाय' ठेवा आणि गडदपणा २५ ते ३० टक्क्यांवर आणा. नवशिक्या बाईचा हात इथेच सुटतो. माझी पहिली पट्टी चुलीतून काढल्यासारखी काळी झाली होती. बाहेर आलेल्या घडीवर दोन पिक्सेलची पांढरी रेघ द्या, तीही पुसट. शेवटी सगळ्या पट्टीची नक्कल करून ती काळी करा, धूसर करा, सगळ्यांत खाली ठेवा आणि उजेडाच्या उलट बाजूला जराशी सरकवा. पट्टी पानावरून वर उचलल्यासारखी दिसेल.

अक्षरांबद्दल दोन गोष्टी. युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाने केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात. आणि जोडाक्षरं मोडायला लागली तर मराठीला दोष देऊ नका. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये भारतीय लिप्यांसाठी मांडणीचा वेगळा पर्याय निवडावा लागायचा. तो न निवडल्यामुळेच आपला 'हक्क' मोडला होता.

आता माझ्या चुकीकडे येते.

२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा स्त्रियांवरच्या हिंसेविरोधातला पंधरवडा आपण पाळतो. गेल्या वर्षी त्यासाठी आम्ही प्रदर्शन केलं. आमच्या केंद्रावर आलेल्या एका बाईने नवऱ्याच्या मारहाणीबद्दल स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला होता. चार ओळींचा, पण वाचवत नव्हता. तिला विचारलं, "तुझं नाव-गाव झाकून हा अर्ज पोस्टरवर लावू का?" ती हो म्हणाली. मी अर्जाचा फोटो खाली ठेवला आणि तिच्या नावावर माझी नवी कोरी घडीची पट्टी बसवली. 'घरातला मार घरात ठेवणार नाही', असं तिच्यावर लिहिलं. काय सुंदर दिसत होती! खरं सांगते, मी त्या पट्टीच्या प्रेमात पडले होते.

छपाईवाल्याने 'ओपन फाइल' मागितली. म्हणजे थर वेगवेगळे असलेली फाइल. मी ती पेनड्राइव्हवर नेऊन दिली. दुकानात गर्दी होती, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या वाढदिवसाचं काम चाललेलं. मुलाने फाइल उघडली, माप जुळवायला पट्टीवर माऊस ठेवला आणि ती बाजूला सरकवली. खालून त्या बाईचं पूर्ण नाव वर आलं. नवऱ्याचं नाव आणि गाव आलं, तेही मोठ्या पडद्यावर. माझ्या मागे पाच-सहा माणसं उभी होती.

त्या मुलाने पटकन पट्टी परत जागेवर आणली आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, हे खाली राहू द्यायचंय का?" मला तोंडातून शब्द फुटेना. मी झाकलं होतं, पुसलं नव्हतं. घडीच्या खाली सगळं तसंच होतं, आणि ते मी माझ्या हाताने दुसऱ्याच्या संगणकावर नेऊन ठेवलं होतं. फाइल काढून टाकायला सांगितली. त्याने माझ्यासमोर ती काढली. भला मुलगा होता. पण एका बाईची सुरक्षितता दुकानातला मुलगा भला असण्यावर का अवलंबून असावी?

घरी येऊन फोटोतला नावाचा भाग कापून टाकला, सगळे थर एक केले आणि साधी पीएनजी फाइल काढली. मग तिच्या माहेरी जाऊन तिला सगळं सांगितलं, माफी मागितली. नवी प्रत दाखवली, कुठेच नाव नव्हतं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "नाव गेलं ताई, पण अक्षर माझंच आहे ना. ते त्याला ओळखू येतं. लग्नाआधी मी त्याला पत्रं लिहायचे."

मैत्रिणींनो, हे मला कुठल्याच प्रोग्रॅमने शिकवलं नसतं. आम्ही तो मजकूर दुसऱ्या मैत्रिणीच्या अक्षरात लिहून घेतला, तिला वाचून दाखवला, आणि तिने होकार दिल्यावरच छापला.

तेव्हापासून आमच्या केंद्राचे काही नियम आहेत. ओळख लपवायची असेल तर ती झाकायची नाही, मूळ चित्रातूनच काढून टाकायची. चेहरा नुसता धूसर करून भागत नाही, साडी, घर, दारातलं झाड यांवरूनही बाई ओळखता येते. बाहेर जाणारी फाइल एकाच थराची, थरांची फाइल केंद्रावरच राहील. आणि छापण्याआधी त्या बाईला पोस्टर दाखवायचं, कारण तिला कोण कशावरून ओळखेल हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. बलात्काराच्या गुन्ह्यात तर पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेत ते २२८ अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. आपल्या कामात मात्र कायदा सांगतो तिथेच थांबून चालणार नाही.

काहीजणी म्हणतील, एवढी जोखीम असेल तर पूर्वीसारखं दुकानावरच सोपवू. मी उलट म्हणते. दुकानावर सोपवत होते तेव्हा खाली काय राहतं हे मला कधी कळलंच नसतं. थर कसे असतात हे शिकले, म्हणून त्या दिवशी काय झालं ते क्षणात समजलं, आणि दुरुस्तही करता आलं. हे काम येणारी निदान एक बाई प्रत्येक केंद्रावर हवी. एक आली की तिने दुसरीला शिकवावं.

दुपारी दोन वाजता शेजारच्या खोलीत तीन संगणक लावलेले असतील. येताना प्रत्येकीने एक कोरा कागद आणा. आधी तो दुमडून खिडकीशी धरायचा आहे.