परदेशातील भाड्याचे घर : लाभ आणि जोखीम
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आमचे आयुष्य शाळेत गणित शिकविण्यात गेले. त्यामुळेच की काय, गेल्या वर्षभरात आपल्या समाजातील दोन कुटुंबे एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे आली : दुबईत फ्लॅट घेऊन तो भाड्याने द्यावा काय? त्यांस जे सांगितले, तेच आज आपणांपुढे मांडीत आहोत.

प्रथम लाभ पाहू. दुबईने २००६ च्या कायद्याने परकीयांस ठरावीक भागांत पूर्ण मालकीने घर घेण्याची मुभा दिली. तेथे भाड्यावर प्राप्तिकर नाही. तेथील दिरहॅम १९९७ पासून डॉलरशी बांधलेला आहे. २००८ च्या आरंभी सुमारे ४० रुपयांना मिळणारा डॉलर २०२४ च्या अखेरीस ८५ रुपयांवर गेला. म्हणजे भाडे एका दिरहॅमने न वाढताही रुपयांत दुप्पट झाले असते. हा लाभ खरा आहे. तो नाकारण्यात शहाणपण नाही.

आता हिशेब मांडू. समजा, घर १० लाख दिरहॅमचे आहे. नोंदणीचे ४ टक्के व दलालीचे साधारण २ टक्के मिळविता ते १० लाख ६० हजारांस पडते. दलाल वार्षिक भाडे ७० हजार सांगतो आणि ‘सात टक्के सुटतात’ म्हणतो. परंतु इमारतीच्या देखभालीचे १५ हजार, व्यवस्था पाहणाऱ्याचे साडेतीन हजार आणि घर एक महिना रिकामे राहिल्यास सुमारे सहा हजार वजा केले, की हाती साडेपंचेचाळीस हजार उरतात. म्हणजे सातांचे सव्वाचार टक्के झाले! शिवाय भारतात राहणाऱ्याच्या जगभरच्या उत्पन्नावर येथे प्राप्तिकर द्यावा लागतो. ती मालमत्ता विवरणपत्रात न दाखविल्यास २०१५ च्या कायद्याप्रमाणे १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते असे.

पैसे पाठविण्यासही मर्यादा आहे. एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठविता येतात. वरील घराची किंमतच त्याहून अधिक भरते. १० लाख रुपयांपुढील रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ वसूल करते. तो पुढे प्राप्तिकरात वळता होतो, परंतु तोवर पैसा अडकतो. आणि हे नियम बदलतात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा २ लाख डॉलरांवरून ७५ हजारांवर आणली व परदेशी स्थावराची खरेदी त्यातून वगळली. ती मोकळीक २०१४ मध्ये पुन्हा मिळाली. तेव्हा बांधकाम चालू असलेल्या घराचे चार-पाच वर्षांचे हप्ते कबूल करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. २००८-०९ च्या मंदीत तेथील घरांच्या किमती निम्म्याच्या आसपास उतरल्या होत्या, हेही विसरू नये.

आणखी एक गोष्ट. घर घेणारा गेल्यावर त्याच्या पत्नीने ते कागद कोठे शोधावेत? बिगर-मुस्लिमांस तेथे मृत्युपत्र नोंदविण्याची सोय २०१५ पासून आहे. तिचा लाभ घ्यावा आणि सर्व कागदांची एक प्रत घरच्या कपाटात, पत्नीस ठाऊक असेल अशा जागी ठेवावी.

आता त्या दोन कुटुंबांविषयी. पहिल्याचे येथे स्वतःचे घर आहे, निवृत्तिवेतन आहे, आणि कन्या-जामात दुबईतच राहून घरावर लक्ष ठेवणार आहेत. त्यांस आम्ही म्हणालो, “तयार घर, उभयतांच्या नावे, खुशाल घ्यावे.” दुसरे गृहस्थ गावची वाडी विकून आणि भविष्यनिर्वाह निधी मोडून तेच करू पाहत होते. त्यांस आम्ही स्पष्ट ‘नको’ म्हटले. त्यांस ते रुचले नाही. परंतु ज्या पैशावर म्हातारपणीचे औषधपाणी अवलंबून आहे, तो समुद्रापार भिंतींत अडकवू नये. गरज पडली तर घराची एक खोली विकता येत नाही.

तात्पर्य, जो पैसा दहा वर्षे घरी आला नाही तरी चूल अडणार नाही, तोच परदेशी घरात घालावा. तो असेल त्याने भिऊ नये. नसेल त्याने मोहात पडू नये.