सहकुटुंब सागरप्रवासाचा हिशेब



आमच्या आळंदीचा आणि समुद्राचा तसा कांहीं संबंध नाहीं. इंद्रायणी तुळापुराजवळ भीमेस मिळते, भीमा पुढें कृष्णेस मिळते, आणि आमच्या घाटावरचें पाणी अखेर बंगालच्या उपसागरांत जातें. मुंबईचा समुद्र त्याहून कितीतरी जवळ. पण तो आम्हांस पाठमोरा. असें असतांही अलीकडे आळंदी, चाकण, भोसरी या टापूंतल्या घरांतून सहकुटुंब बोटीनें गोव्यास जाण्याच्या गोष्टी ऐकूं येऊं लागल्या आहेत. कोणाच्या जमिनी कारखान्यांकडे गेल्या, कोणाचीं मुलें त्याच कारखान्यांत लागलीं. हौस करावी इतका पैसा कांहींच्या हातीं आला, आणि कांहींच्या आला नाहीं. हे दोन्ही प्रकारचे लोक एकाच घरांत, एकाच आडनावाचे असतात. म्हणून हा प्रश्न केवळ तिकिटांचा राहत नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत आजींस एक्याऐंशीवें लागलें. सहस्रचंद्रदर्शनाचा विधि घरीं व्हावयाचाच होता. पण त्यानिमित्त सर्वांनीं मिळून एकदां समुद्रावर जावें, असें नातवंडांच्या मनानें घेतलें. माणसें चोवीस, त्यांतलीं आठ मुलें. थोरल्या भावास जमिनीचा मोबदला मिळालेला, मधला कारखान्यांत कायम, धाकटा कंत्राटी कामावर. शिवाय माहेरीं राहणाऱ्या आत्याबाई व त्यांचीं दोन मुलें. थोरला म्हणाला, “सगळ्यांचे पैसे मीच भरतों.” धाकटा म्हणाला, “मग आम्हीं घरींच राहिलेलें बरें.” मी शाळेंत गणित शिकवीत असें, एवढ्याच भांडवलावर तो हिशेब माझ्याकडे आला. धाकट्यानें कर्ज न काढतां व कोणाचा मिंधा न होतां बोटीवर पाय ठेवावा, हें मी उदाहरणाचें उत्तर धरलें आणि उलट्या बाजूनें मांडणी सुरू केली.

बोटीच्या भाड्याची रीत आगगाडीहून निराळी आहे. तेथें भाडें माणशीं सांगतात, पण विकतात ती खोली, म्हणजे केबिन. सांगितलेला दर हा एका केबिनींत दोघे राहतील असें धरून असतो. एकटा माणूस केबिनींत राहिला, तर बहुतेक ठिकाणीं त्यास जवळजवळ दोघांचें भाडें पडतें. उलट त्याच केबिनींत तिसरें-चौथें माणूस घेतलें, तर त्याचा दर पुष्कळ उतरतो. आतां सोयीसाठीं आंकडे कल्पूं. पहिल्या दोघांस माणशीं २०,००० रुपये आणि तिसऱ्या-चौथ्यास निम्मे, म्हणजे १०,००० रुपये. चोवीस माणसें दोन-दोन करून बारा केबिनींत घातलीं, तर ४,८०,००० रुपये होतात. तींच चार-चार करून सहा केबिनींत घातलीं, तर ३,६०,०००. एका लाखावर वीस हजारांचा फरक केवळ झोपण्याच्या व्यवस्थेनें पडला!

पण म्हणून सर्वांस चौघांच्या केबिनींत कोंबणें शहाणपणाचें नाहीं. तिसरी व चौथी शय्या बहुधा भिंतींतून अगर छतांतून खालीं ओढावयाची असते. तेथें शिडीनें चढावें लागतें. आजींस आणि गुडघे दुखणाऱ्या काकूंस ती उपयोगी नाहीं. म्हणून वडील माणसांस दोन केबिनी दोघां-दोघांच्या आणि बाकीच्या वीस जणांस पांच केबिनी चौघां-चौघांच्या, अशी मी प्रथम वांटणी केली. खर्च आला ३,८०,००० रुपये, केबिनी सात.

येथें एक गमतीची गोष्ट ध्यानांत आली. अनेक बोट-कंपन्यांत आठ केबिनी, म्हणजे सोळा मुख्य शय्या, एकदम घेतल्या कीं त्या मंडळीस ‘समूह’ समजतात. आणि कांहीं परदेशी कंपन्यांत तर सोळा पूर्ण भाड्यांमागें एका माणसाचें मूळ भाडें माफ करण्याची चाल आहे. तिसरी-चौथी शय्या या मोजणींत बहुधा धरीत नाहींत. आमच्या केबिनी सात. म्हणजे एका केबिनीनें आम्हीं समूहाबाहेर! तेव्हां पुन्हां मांडणी केली : चार केबिनी दोघांच्या, चार चौघांच्या. माणसें तींच चोवीस. खर्च ४,००,०००, त्यांतून एक भाडें २०,००० वजा जातां पुन्हां ३,८०,०००. म्हणजे ही सवलत मिळाली, तर आठवी केबिन फुकट पडते आणि आणखी चार माणसें मोकळेपणानें झोंपतात. प्रत्येक कंपनी ही सवलत देते असें नव्हे. पण ती विचारल्यावांचून कोणी आपण होऊन सांगत नाहीं. बंदराचें शुल्क, कर आणि सेवेची बक्षिसी हीं मात्र माणशीं निराळीं लागतात व त्यांत सूट नसते. म्हणून दोन ठिकाणचे दर ताडून पाहतांना शेवटची बेरीज शेवटच्या बेरजेशीं ताडावी. जाहिरातींतला ठळक आंकडा तेवढा पाहूं नये.

आतां वांटणी. सवलत मुलांच्या शय्येवर मिळाली, म्हणून ती मुलांच्या आईबापांची, असें कोणी म्हणेल. मला तें पटत नाहीं. चोवीस जण एकत्र आले म्हणून ती मिळाली. तेव्हां ती सर्वांची. आळंदीकरांस ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. ज्येष्ठ वद्य अष्टमीस येथून पालखी निघते, तेव्हां दिंडींतला प्रत्येक जण आपली वर्गणी आधीं भरतो. मग तंबू, मालट्रक, स्वयंपाक सर्व सामाईक. तंबूंत दाराशीं कोण निजला आणि कोपऱ्यांत कोण निजला, यावर वर्गणी बदलत नाहीं. तोच न्याय आम्हीं लावला. मोठ्या माणसाचा एक हिस्सा, मुलाचा अर्धा. सोळा मोठे आणि आठ मुलें मिळून वीस हिस्से; एक हिस्सा १९,००० रुपयांचा. धाकट्याच्या घरीं नवरा-बायको व तीन मुलें, म्हणजे साडेतीन हिस्से, ६६,५०० रुपये. तेंच कुटुंब एकटें गेलें असतें, तर पांच माणसांस दोन केबिनी, एक तिघांची व एक दोघांची, मिळून ९०,००० रुपये पडले असते. हा आंकडा दाखविल्यावर धाकटा जरा सैल झाला. दहा महिने आधीं बँकेंत आवर्ती ठेव उघडली कीं महिना ६,६५० रुपये. ओढाताण खरी, पण कर्ज नाहीं. थोरल्याच्या हौसेसही वाव ठेवला : आईचा आणि आत्याबाईंच्या घरचा हिस्सा त्यानें भरावा. आईसाठीं मुलानें खर्च केला, तर त्यास उपकार कोण म्हणेल?

केबिन कोणत्या मजल्यावरची घ्यावी, याबद्दल लोकांत मोठा गैरसमज आहे. गॅलरीची केबिन ती उत्तम आणि आंतली, खिडकी नसलेली ती हलकी, असें सरसकट मानतात. जेवण तेंच, डेक तोच, समुद्रही तोच! केबिनींत आपण झोंपण्यापुरते जाणार. शिवाय बोटीचा डोल वरच्या मजल्यांवर आणि दोन्ही टोंकांस अधिक जाणवतो. खालच्या मजल्यावर मध्यभागीं सर्वांत कमी. वृद्धांस जी केबिन सुखाची, ती बहुधा स्वस्तही असते. असा योग संसारांत थोडाच येतो.

जुन्या पिढीच्या लोकांनीं हा प्रवास निराळ्याच तऱ्हेनें केला होता. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत आगबोटी पणजीस जात. डेकवर सतरंजी पसरून जागा धरावयाची, वळकटी सोडावयाची, घरचे डबे उघडावयाचे. कित्येक बंदरांत बोट धक्क्यास लागत नसे, म्हणून पडावांतून उतरावयाचें. पावसाळ्यांत ही वाहतूक बंद असे. १९८० नंतरच्या दशकांत ती कायमचीच थांबली. पुढें २०१८ सालीं ‘आंग्रिया’ नांवाची बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, तीही फार वर्षें टिकली नाहीं. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ बोट मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करूं लागली. ही बोट १९९० सालची, पूर्वी परदेशी समुद्रांत चालत असे.

स्वस्ताईचा विषय निघाला म्हणून दोन जुन्या गोष्टी सांगतों. १९०६ सालीं तुतिकोरीन येथें चिदंबरम् पिल्ले यांनीं स्वदेशी बोट-कंपनी काढली, तेव्हां प्रतिस्पर्धी इंग्रज कंपनीनें कोलंबोचें भाडें इतकें उतरविलें कीं शेवटीं फुकट प्रवास आणि वर एक छत्री, येथपर्यंत मजल गेली! स्वदेशी कंपनी कांहीं वर्षांतच बुडाली. अतिशय स्वस्त दर दिसला कीं त्याची किंमत कोण भरीत आहे, हें विचारावें, असें मला तेव्हांपासून वाटतें. दुसरी गोष्ट दुःखाची. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळांत सांपडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं.

आज प्रवासी बोटींवर किती माणसें घ्यावयाचीं, हें जीवरक्षक नावांच्या क्षमतेवर बांधलेलें असतें. आणि विशेष म्हणजे, बोटीच्या ज्या भागास जी नाव नेमलेली असते, तिची मर्यादा भरली कीं त्या भागांतल्या केबिनींत तिसरी-चौथी शय्या रिकामी असूनही देत नाहींत. म्हणून चौघांच्या केबिनी सर्वांआधीं संपतात. मोठ्या कुटुंबानें शेवटच्या आठवड्यांत दर उतरण्याची वाट पाहणें धोक्याचें आहे. दोघांचें जोडपें ती वाट पाहूं शकेल. चोवीस माणसांस शेवटीं आठ केबिनी जवळजवळ मिळावयाच्या नाहींत.

दिवस कोणता निवडावा? दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुटी यांत भाडें चढतें. शनिवार-रविवार जोडून येणारी फेरीही महाग. आमच्या भागांत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारीं असते. त्यामुळें मधल्या वारांची स्वस्त फेरी आमच्या नोकरदारांस मुंबईकरांपेक्षां सोयीची पडते. एक खबरदारी आणखी : निघण्याचा दिवस ठरविण्यापूर्वीं पंचांग पाहावें. आळंदींत निम्म्या गळ्यांत तुळशीची माळ आहे. भाड्यांत तिन्ही त्रिकाळचें जेवण धरलेलें असतांना नेमकी एकादशी गांठणें, हें हिशेबनिसास शोभत नाहीं! शाकाहारी, कांदा-लसणावांचूनचें जेवण हवें असेल, तर तें तिकिटें काढतांनाच कळवावें.

मुंबईपर्यंत जाण्यास भाड्याची बस करावी, असें थोरल्याचें मत होतें. मी एस. टी.चा हिशेब मांडला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांस राज्यांत एस. टी.चा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें तिकीट. चोवीस जणांत आजी मोफत आणि बाकीच्या साऱ्या स्त्रियांस अर्धें तिकीट. मुलांचें निराळें अर्धें आहेच. पैशांच्या दृष्टीनें एस. टी.च जिंकली. तरी पण बंदरावर सामानासह वेळेवर पोंचणें या गोष्टीस किंमत आहे. बोट कोणासाठीं थांबत नाहीं. शेवटीं सकाळीं पुण्याहून एस. टी.नें जावें आणि बंदरापर्यंत दोन टॅक्सींनीं सामान व म्हातारीं माणसें न्यावीं, असें ठरलें.

परत येतांना बोटीऐवजीं कोंकण रेल्वेनें यावें, ही सूचना धाकट्याची. आणि ती मला फार आवडली. ही रेल्वे १९९८ सालीं पूर्णपणें खुली झाली. एका बाजूचेंच भाडें घेणारी फेरी मिळाली, तर परतीचा खर्च निम्म्याहूनही खालीं येतो. मात्र रेल्वेंत एका तिकिटावर सहाच माणसें बसतात, म्हणून चोवीसांस चार तिकिटें. आणि नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधींच उघडतें. बोटीचीं तिकिटें दहा महिने आधीं आणि रेल्वेचीं दोन महिने आधीं, हा मेळ लक्षांत ठेवून साठाव्या दिवशीं सकाळीं चार जणांनीं चार ठिकाणीं बसावें. वृद्धांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालची शय्या मागण्याची सोय मात्र आहे.

इतक्या माणसांत कोणी तरी गळणारच. सुतक, परीक्षा, बाळंतपण कांहीं सांगून येत नाहीं. गरोदर स्त्रीस अमुक महिन्यांनंतर आणि अगदीं तान्ह्या मुलास बोटीवर घेत नाहींत. तो नियम आधीं वाचावा. तिकीट रद्द करण्याचा दंड दिवस जवळ येतील तसा वाढत जातो. नांव बदलतां येतें का, केव्हांपर्यंत व किती पैसे घेऊन, हें लेखी मागून घ्यावें. आमच्याकडे मधल्या भावाच्या मुलाची परीक्षा आडवी आली. नांव बदलण्याची मुदत शिल्लक होती, म्हणून त्याच्या जागीं आत्याबाईंच्या जाऊबाई आल्या आणि एक पैसा वायां गेला नाहीं.

बोटीवरचा वरखर्च हा शेवटचा आणि फसवा भाग. तेथें रोख पैसे द्यावे लागत नाहींत. केबिनीच्या नांवें खर्च लिहिला जातो, आणि उतरण्याच्या दिवशीं कागद हातीं येतो. मुलें सरबतें पितात, कोणी इंटरनेट घेतो. आम्हीं प्रत्येक केबिनीस एक मर्यादा ठरवून दिली आणि ती पहिल्याच संध्याकाळीं बोटीच्या कचेरींत नोंदविली. गोव्यास उतरल्यावर फिरावयाचें असेल, तर चोवीस जणांस मिळून एक लहान बस बंदराबाहेर ठरविणें स्वस्त पडतें. आम्हीं तेथेंच उतरणार होतों, म्हणून घाई नव्हती. ज्यांस त्याच बोटीनें परतावयाचें असेल, त्यांनीं मात्र दोन तास हातीं ठेवूनच निघावें.

प्रवास झाला. हिशेबाअंतीं सामाईक खात्यांत ४,३२० रुपये उरले. वीस हिश्श्यांस हिश्शापोटीं २१६ रुपये येतात, ते मी पाकिटांत घालून घरोघर पोंचविले. धाकट्याच्या पाकिटांत ७५६ रुपये होते. त्यानें ते मोजून घेतले आणि वहींत सही केली.