उत्तर बरोबर, तरी गुण कमी

शाळा सुरू झाल्या, वह्यांना कव्हरं घालून झाली. ज्यांची मुलं यंदा सहावीत गेली त्या घरांत पहिल्या घटक चाचणीनंतर एक वाक्य ठरलेलं असतं: "पाचवीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी मिळायचे, आताच काय झालं?" बहुतेक वेळा मुलाला काहीच झालेलं नसतं. सहावी ते आठवी या तीन इयत्तांत गणिताची रीत बदलते, आणि ती बदलली हे घरी कुणी कळवत नाही.

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. रेडिओवर फळा नसतो, ही आमची कायमची अडचण. लिहा: आठ अधिक चार, मग बरोबरचं चिन्ह, मग एक रिकामी चौकट आणि चौकटीपुढे अधिक पाच. आता घरातल्या सहावीच्या मुलाला विचारा, चौकटीत काय येईल? पुष्कळ मुलं बारा लिहितात. काहीजण दिसेल ते सगळं मिळवून सतरा लिहितात. यायला हवेत सात, कारण डावीकडे बारा आहेत, तर उजवीकडेही बाराच व्हायला हवेत.

ही मुलं बेरजेत कच्ची नसतात. पहिलीपासून त्यांनी ते चिन्ह एकाच कामाला जुंपलेलं पाहिलेलं असतं: डावीकडे गणित, उजवीकडे उत्तर. सहावीत समीकरणं येतात आणि तेच चिन्ह आता एवढंच सांगतं की दोन्ही बाजू सारख्या आहेत. शिक्षक फळ्यावर तराजू काढतात. एका पारड्यातून दोन किलो काढले, तर दुसऱ्यातूनही दोन काढायचे. मुलांना हे लगेच पटतं. पण पाच वर्षांची सवय एका चित्रानं जात नाही.

वहीत ती सवय कशी दिसते ते सांगतो. पाच आणि तीन मिळवा, आलेल्या बेरजेची दुप्पट करा, असं उदाहरण आहे. मूल एका ओळीत लिहितं: पाच अधिक तीन बरोबर आठ गुणिले दोन बरोबर सोळा. शिक्षक तांबड्या पेननं खाली रेघ ओढतात आणि अर्धा गुण कापतात. मग पालक विचारतात, सोळा बरोबर आहे ना, मग गुण का कापला? कारण त्या ओळीचा अर्थ पाच अधिक तीन म्हणजे सोळा, असा होतो. सातवीत बैजिक राशी आहेत, आठवीत त्यांचे अवयव पाडायचे आहेत, एकचल समीकरणं सोडवायची आहेत. तिथे अशी ओळ लिहिणारा हमखास अडखळतो. म्हणून या वर्गांत उत्तराइतकंच पायऱ्यांकडे पाहिलं जातं. तो शिक्षकांचा खडूसपणा नव्हे. माझ्या मते या तीन वर्षांतला सगळ्यात कामाचा शेरा तोच.

आता घरच्यांकडून आणि क्लासवाल्यांकडून होणारी एक मदत, जी मदत नसते. "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं." हे सूत्र आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे आणि त्यानं उदाहरणं भराभर सुटतात, हेही खरं. पण एक्सची तिप्पट बरोबर बारा, असं समीकरण आलं की तेच मूल तीन उचलून पलीकडे नेतं, त्याला उणे लावतं आणि एक्स बरोबर नऊ लिहून मोकळं होतं. नवाची तिप्पट सत्तावीस, हे त्याला पाढ्यात पाठ असतं, तरी पडताळून पाहावंसं वाटत नाही. दोन्ही बाजूंना तीननं भागायचं, हे वर्गात संथपणे शिकवत असताना आपण घरी घाई केलेली असते. निदान सहावीचं वर्षभर तरी ते सूत्र घरात उच्चारू नये, अशी माझी विनंती आहे.

ऋण संख्या हा दुसरा धक्का. उणे सात मोठे की उणे तीन? सात तीनपेक्षा मोठे, एवढ्यावर पाच वर्षं सगळं चाललं होतं, त्यामुळे "उणे सात" असं खणखणीत उत्तर येतं. सहावीत या पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी असते, सातवीत गुणाकार-भागाकार, आणि तिथे "उणे उणे अधिक" हा घोष सुरू होतो. मूल विचारतं, का? "नियमच आहे तसा" हे उत्तर देऊ नका, कारण खरं उत्तर मिनिटभराचं आहे. तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. दोन गुणिले उणे दोन, उणे चार. एक गुणिले उणे दोन, उणे दोन. शून्य गुणिले उणे दोन, शून्य. पहिली संख्या एकानं घटते आहे आणि उत्तर दर वेळी दोननं वाढतं आहे. पुढची पायरी उणे एक गुणिले उणे दोन. मुलाला सांगू द्या.

ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन आणि ऋण संख्यांचे हे नियम मांडले. युरोपातले काही गणिती मात्र अठराव्या शतकातही या संख्यांना बिचकत होते. बारा वर्षांचं मूल दोन महिने बिचकलं, तर डॉक्टरकडे न्यायला नको.

अपूर्णांकांचं थोडक्यात सांगतो. ज्या घरात पावकी, निमकी, औटकी म्हणून दाखवणारे आजोबा आहेत, त्या घरानं त्यांना जरूर कामाला लावावं. नातवाचं पुस्तक सेमी-इंग्रजीचं असलं, तर आजोबा लसावि म्हणतील आणि नातू एलसीएम. तो गोंधळ पाच मिनिटांत मिटतो. अर्धा अधिक एक तृतीयांश, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन पंचमांश, असं मूल लिहितं तेव्हा खोडू नका. दोन पंचमांश अर्ध्याहून कमी की जास्त, एवढंच विचारा. बेरीज करून अर्ध्याचं अर्ध्याहून कमी झालं, हे त्याचं त्यालाच खटकेल.

शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज आणि आठवीतलं चक्रवाढ व्याज यांची फारशी चिंता नको. बाजारात आणि बँकेत मुलाला सोबत नेलंत तरी पुष्कळ. भूमितीत एकच सांगणं. रचना करताना कंपासनं काढलेले कंस पुसायचे नसतात. वही स्वच्छ दिसावी म्हणून घरची प्रेमळ माणसं ते खोडरबरानं पुसतात आणि त्याबरोबर गुणही पुसले जातात.

पाढे आणि हातच्याची वजाबाकी मात्र पक्की हवी, तिला सूट नाही. त्यासाठी शंभर उदाहरणं घालण्यापेक्षा एक खेळ घ्या. देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी तो १९४९ मध्ये गणितज्ञांपुढे मांडला. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावले, ५४३२. चढत्या क्रमानं २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तसंच: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि यापुढे कितीही वेळा केलंत तरी ६१७४ च. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत तिथेच पोचता. मात्र मधे तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य लावून चार अंक करायचे.

आज संध्याकाळी दारातल्या स्कूटरच्या नंबरावर करून पाहा. सात वेळा करूनही ६१७४ आले नाहीत, तर कुठेतरी हातचा राहिला असं समजा.