सातबारा गेल्यानंतर



पुण्याच्या भोवतालच्या गावांत एक दृश्य वारंवार आढळते. पुढे नवा बंगला, दारात मोटार, आणि मागे रिकामा गोठा. शहर शेतापर्यंत येते तेव्हा कुटुंबाच्या हाती एकरकमी पैसा येतो. परंतु दर हंगामाला घर चालवणारे साधन निघून जाते. पैसा खर्च कसा करावा हे शिकवावे लागत नाही. वर्षानुवर्षे पुरवावा कसा, हे मात्र शेतीने कधी शिकवलेले नसते. तिथे पीकच दरवर्षी नव्याने येत असे.

2017 साली 11 आणि 2021 साली आणखी 23 गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. त्यांच्यासाठी हडपसरच्या मगरपट्ट्याचा अनुभव मोलाचा आहे. मुठा कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारी ही जमीन. नागरीकरण अटळ आहे हे ओळखून सतीश मगर यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली. प्रत्येकाने आपला तुकडा वेगवेगळा विकला असता, तर रस्त्यालगतच्याला भाव आणि आतल्याला मिनतवाऱ्या, असेच झाले असते. त्याऐवजी त्यांनी स्वतःची कंपनी स्थापून जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. काही इमारती न विकता भाड्याने दिल्या. त्यामुळे उत्पन्न चालू राहिले. शेतकऱ्यांची मुले बांधकामाची कंत्राटे घेऊ लागली, साहित्य पुरवू लागली. व्यवसाय बदलला, मालकी सुटली नाही.

अर्थात, तिथली बहुसंख्य कुटुंबे एकाच भावकीतली होती. भावकीत बांधावरून कोर्टकचेऱ्याही होतात, हे आपण जाणतोच. तरीही विश्वासाला काही आधार होता. जिथे गुंठ्यागुंठ्याचे धारक आणि अनेक समाज आहेत, तिथे हे काम कितीतरी अवघड.

नवी मुंबईत मार्ग निराळा होता. सिडकोसाठी भातशेती आणि मिठागरे गेली. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याचे हे मोठे यश. परंतु भूखंड हाती येण्यापूर्वीच अनेकांनी आपला हक्क दलालांना विकून टाकला होता. घरात कर्ज असताना वाट पाहणे सोपे नसते, म्हणून त्यांना दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही.

एक गोष्ट मात्र मला अधिक बोचते. या दोन्ही ठिकाणी हिशेब जमिनीच्या कागदावर झाला. ज्याचे नाव त्यावर नाही, तो वाटेकरी, तो मजूर, त्या हिशेबात नव्हताच. आणि घरातल्या लेकी? 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांना मुलाइतकाच हक्क दिला आहे. तरीही जमिनीचा भाव वाढला की पहिला कागद तयार होतो तो बहिणीच्या हक्कसोडपत्राचा. तो वाचून दाखवण्याचीही तसदी पुष्कळ घरांत घेतली जात नाही. सहीसाठी बोट दाखवले जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते.