शाळेच्या प्रिंटरची शाई : भरणे आणि निवडणे

(तालुक्याच्या शिक्षक मेळाव्यात दिलेले भाषण)



टाक आणि दौत शाळेतून गेली. शाई मात्र गेलेली नाही. पूर्वीचा शिक्षक सकाळी शाईची पूड पाण्यात कालवून दौती भरीत असे. आजचा शिक्षक प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई भरतो. काम तेच, परंतु आजची दौत अधिक नाजूक आहे आणि तिच्यातून उमटणारा कागद पुष्कळदा अधिक मोलाचा असतो. तेव्हा या दौतीचा स्वभाव ओळखून घेणे अगत्याचे आहे.

अतिवृष्टीच्या भागातील एका द्विशिक्षकी शाळेची हकीगत या बाबतीत बोधप्रद आहे. शाळेच्या प्रिंटरचे काळे कार्ट्रिज संपले. नवे घेण्याइतकी रक्कम सादिलात शिल्लक नव्हती. शिक्षकाने पदरचे पैसे घालून बाजारातून काळ्या शाईची बाटली आणली आणि जुने कार्ट्रिज भरले. अक्षर काळेभोर उमटले. पुढे जूनमध्ये एका मुलीचे वडील कामानिमित्त गाव सोडून निघाले. तिचा शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी घडी करून खिशात ठेवला. वाटेत पावसाने गाठले. नव्या शाळेत घडी उघडली, तेव्हा जन्मतारखेच्या जागी निळसर काळा ओघळ होता. वडिलांना दुसऱ्या प्रतीसाठी परत यावे लागले आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली. जनरल रजिस्टर कपाटात कोरडे होते, म्हणून निभावले.

शिक्षकाने काटकसर केली, यात त्याची चूक नव्हती. चूक एवढीच की, काळी ती काळी, मग शाईत भेद कसला, असे त्याने मानले. भेद आहे, आणि तो रंगात नसून शाईच्या घडणीत आहे.

इंकजेट प्रिंटरच्या शाया मुख्यतः दोन जातींच्या असतात. पहिली विद्राव्य रंगाची. हिला बाजारात डाय शाई म्हणतात. पाण्यात मीठ विरघळावे तसा हिच्यातील रंग विरघळलेला असतो. ही शाई छिद्रांतून सहज वाहते आणि चित्रे तजेलदार उमटवते. पण साध्या कागदावर पाणी पडले की रंग पुन्हा पाण्यात उतरतो आणि उन्हातही लवकर विटतो. दुसरी पिगमेंट शाई. हिच्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण विरघळत नाहीत, तरंगत राहतात. कागदावर पाणी सुकते आणि कण तंतूंना धरून बसतात. आपल्याकडील बोरूची जुनी शाई काजळ आणि डिंक यांची असे. ती याच जातीची. मोडी दफ्तरांतील अक्षर आजही काळे दिसते, त्याचे एक कारण काजळाचा कण उन्हाने विटत नाही, हे होय.

दोन कार्ट्रिजे असलेल्या पुष्कळ प्रिंटरांत काळी शाई मूळची पिगमेंट जातीची आणि रंगीत शाया डाय जातीच्या असतात. वरील शाळेत पिगमेंटच्या जागी डाय भरली गेली. यंत्राने तक्रार केली नाही. तक्रार पावसाने केली. उलट, डाय शाईसाठी घडविलेल्या यंत्रात पिगमेंट शाई ओतली, तर कण छिद्रांत साचून यंत्रच अडण्याची भीती असते.

आता यंत्रांचे दोन प्रकार पाहू. १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीत इचिरो एंडो हे संशोधन करीत असता, डाख देण्याचे तापलेले हत्यार चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. या घटनेतून उष्णतेने चालणाऱ्या प्रिंटरची कल्पना तेथे पुढे आली. अशा यंत्रात छिद्रामागचा कण्हेरीच्या पानाहून कितीतरी पातळ असा तापक क्षणार्धात तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. कॅनन व एचपी यांची घरगुती यंत्रे या तत्त्वावर चालतात. एप्सनच्या यंत्रात उष्णता नाही; विजेचा दाब मिळताच आकार बदलणारा स्फटिकासारखा घटक शाईला ढकलतो. तो गुण प्येर व झाक क्युरी या बंधूंनी १८८१ मध्ये प्रयोगाने दाखवून दिला होता. पहिल्या जातीच्या यंत्राची शाई तापूनही तापकावर करपून बसू नये अशी बनवावी लागते. दुसऱ्या जातीत ही अट नसते, पण शाईचा दाटपणा निराळा ठेवावा लागतो. म्हणून एकाची शाई दुसऱ्यास चालेल, असे धरून चालू नये.

थेंबाचे माप मुलांना गणितासाठीही द्यावे. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. थेंब १० पिकोलिटरचा धरला, तर एका मिलिलिटर शाईत १० कोटी थेंब होतात. इतका सूक्ष्म थेंब सोडणारे छिद्र धुळीच्या कणानेही बुजते. फाउंटन पेनची शाई, चित्रकलेची काळी शाई किंवा विहिरीचे पाणी त्यात कधीही घालू नये. विहिरीच्या पाण्यातील क्षार सुकून छिद्रांत बसतात. पुसण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे.

शाई विकत घेताना शिक्षकाने चार गोष्टी पाहाव्यात. बाटलीवर आपल्या यंत्राचा किंवा कार्ट्रिजचा क्रमांक असावा. शाई डाय की पिगमेंट, हे स्पष्ट लिहिलेले असावे आणि ते मूळ शाईशी जुळावे. मुदतीची तारीख उलटलेली नसावी. कपांवर व कापडावर चित्रे उठविण्याची सब्लिमेशन शाई तशाच बाटल्यांत मिळते. ती चुकून घेऊ नये, कारण उष्णतेने दाबल्याखेरीज तिचा रंग खुलत नाही आणि साध्या कागदावर ती फिकी दिसते. यंत्राची हमी चालू असेल, तर परक्या शाईविषयीच्या अटी आधी वाचाव्यात.

कार्ट्रिज पूर्ण कोरडे पडण्यापूर्वीच भरावे. वाळलेला स्पंज शाई नीट शोषीत नाही. खाली वर्तमानपत्र अंथरावे. वरची चिठ्ठी उचलली की भरण्याचे छिद्र दिसते. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे असतात; प्रत्येकात स्वच्छ काडी बुडवून रंग ओळखावा, अंदाजाने भरू नये. प्रत्येक रंगास स्वतंत्र सिरिंज घ्यावी. सुई स्पंजात उतरवून शाई अगदी सावकाश सोडावी. घाई केल्यास हवा अडकते. शाई छिद्राशी दिसू लागताच थांबावे आणि किंचित परत ओढावी. चिठ्ठी पुन्हा लावताना हवेचा मार्ग बंद करू नये. छिद्रांची बाजू मऊ, तंतू न सुटणाऱ्या कापडावर हलके टेकवावी, घासू नये. तांब्याचे संपर्कबिंदू कोरडे ठेवावेत. भरल्यानंतरही यंत्र ‘शाई संपली’ असे दाखवील. पुष्कळ यंत्रे शाई पाहत नाहीत, उमटलेले थेंब मोजतात.

टाकीच्या प्रिंटरात सुईची गरज नाही. परंतु तेथे छिद्रे कार्ट्रिजवर नसून यंत्रात असतात, म्हणून चुकीच्या शाईचे नुकसान मोठे. टाकीतील शाई खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नये. चुकीचा रंग ओतला गेल्यास काहीही न छापता यंत्र जाणकाराकडे न्यावे. दोन्ही प्रकारांत प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा, म्हणजे छिद्रांवर टोपी बसते. आठवड्यातून एक रंगीत पान काढावे. मे महिन्याच्या सुट्टीतही कोणीतरी ते करावे. सफाईची आज्ञा वारंवार देऊ नये, कारण तीत शाईच खर्च होते.

शेवटी एक प्रयोग, जो प्रत्येक शिक्षकाने नवी शाई भरताच मुलांसमोर करावा. एका कागदावर चार ओळी छापाव्यात. तासभर सुकू द्याव्यात. मग एका ओळीवर पाण्याचा थेंब टाकावा. दुसरी ओळ पुठ्ठ्याने झाकून, तिसरी उघडी ठेवून, कागद महिनाभर उन्हाच्या खिडकीत लावावा. चौथी ओळ तुलनेसाठी वहीत जपावी. पाण्याने ओघळणारी शाई सरावपत्रिकांस, चित्रांस, फळ्याजवळच्या तक्त्यांस खुशाल वापरावी. दाखला, गुणपत्रक आणि ज्यावर मुलाचे नाव व जन्मतारीख आहे असा प्रत्येक कागद मात्र त्या शाईने छापू नये; तशीच वेळ आली, तर तो हाताने पक्क्या शाईने लिहून द्यावा.

शाळेचा कागद शाळेत राहत नाही. तो शेतमजुराच्या खिशातून, पावसातून, परगावच्या कचेरीपर्यंत जातो, आणि तेथे त्या मुलाची बाजू मांडण्यास त्या कागदाखेरीज दुसरे कोणी नसते. म्हणून शाई छापताना कशी दिसते एवढे पाहून भागत नाही. ती भिजल्यावर कशी दिसते, हे शिक्षकाने आधीच पाहून ठेवले पाहिजे.